आधी फिल्टर, शेवटी इंजिन

ओंकार, रिमोटवरची नायट्रो बग्गी घ्यायची म्हणतोस, तर आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की कर. तुला नुसती गाडी पळवायची असेल तर बॅटरीवरची ब्रशलेस घे. चार्ज केली की पळते, वेगात नायट्रोला हार जात नाही, हात तेलकट होत नाहीत आणि शेजारीपाजारी भांडायला येत नाहीत. नायट्रो घ्यायची ती इंजिनाचं वेड असेल तरच. ही गाडी जितका वेळ मैदानात असते तितकाच वेळ टेबलावर उघडी पडलेली असते, आणि टेबलावरचा वेळ ज्याला शिक्षा वाटते त्याने या वाटेला जाऊ नये. तू पोरवयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या लेथपाशी जेवण विसरून उभा राहायचास, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आकाराचं पहिल्यांदा सांगतो. बाजारात १/१० आणि १/८ असे दोन आकार जास्त दिसतील. १/१० मधलं इंजिन साधारण .१२ ते .१८ घनइंचाचं, म्हणजे दोन ते तीन सीसी. १/८ ला .२१ चं, म्हणजे साडेतीन सीसी. लहान गाडी स्वस्त पडते म्हणून मन तिकडे ओढ घेईल. तू १/८ च घे. तिचे शाफ्ट, आर्म, गिअर जाड असतात, मुरमाच्या मैदानावरचे दणके सोसतात. शिवाय मोठ्या शर्यती याच आकारावर उभ्या आहेत. या बग्ग्यांची जागतिक स्पर्धा १९८६ पासून भरते. नियम ठरलेले: गाडी किमान ३२०० ग्रॅमची, टाकी जास्तीत जास्त १२५ सीसीची. वर्षानुवर्षं एकाच साच्यात काम चालल्यामुळे चाकाचा १७ मिलीमीटरचा हेक्स, बेअरिंगची मापं, इंजिनाची बसण्याची जागा हे बहुतेक कंपन्यांचं एकमेकांशी जुळतं. एकाचं चाक दुसऱ्याला बसतं. पुढे पार्ट शोधताना याची किंमत कळेल.

कंपनी कुठली, हा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात. मी तो दुसऱ्यांदा विचारतो. पहिला प्रश्न पार्टचा. गाडी पसंत पडली की दुकानदाराकडे चार वस्तू माग: पुढचा खालचा आर्म, क्लच बेल, स्पर गिअर आणि सर्वो सेव्हर. या चारही इथे, आठवड्याभरात मिळणार असतील तरच पुढे बोल. नाहीतर पहिल्याच महिन्यात आर्म मोडतो आणि गाडी माळ्यावर जाते. नवशिक्यासाठी जपानच्या क्योशोची इन्फर्नो निओ चांगली. निओ जुन्या इन्फर्नोच्या आराखड्यावर बेतलेली आहे, शर्यतीत ती आजच्या गाड्यांपुढे टिकणार नाही, पण शिकायला मजबूत आहे. याच इन्फर्नो घराण्यातली एमपी९ घेऊन कोडी किंग २०१० साली थायलंडमध्ये पट्टायाला जगज्जेता झाला होता. मुगेन, लोसी, एचबी यांच्या शर्यतीच्या गाड्या उत्तमच, पण त्या किटमध्ये येतात आणि इंजिन, सर्वो (स्टिअरिंग आणि थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर), रिमोट सगळं वेगळं घ्यावं लागतं. पहिली गाडी तयार घे, दुसरी किट घे. तयार गाडीसुद्धा आणल्या दिवशी पळवू नकोस. एक रात्र घालवून सगळे स्क्रू तपास. लोखंडाचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसतो तिथे तो काढून, पुसून, लॉकटाइटचा थेंब लावून पुन्हा आवळ. प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला लॉकटाइट लावायचं नाही, ते प्लॅस्टिक खातं.

हत्यारांत कंजुषी नको. दोन, अडीच आणि तीन मिलीमीटरचे चांगल्या पोलादाचे एलन ड्रायव्हर गाडीबरोबरच घे. डब्यात फुकट येणाऱ्या वाकड्या एलन कीने स्क्रूचं डोकं गोल होतं, मग तो ड्रिलने काढायला तू माझ्याकडेच येशील.

आता इंधन. इथे मस्करी नाही. याला नायट्रो म्हणत असले तरी डब्यात जास्त असतं ते मेथनॉल. त्यात वीस-पंचवीस टक्के नायट्रोमिथेन आणि आठ ते बारा टक्के तेल. मेथनॉल म्हणजे काय चीज आहे ते मालवणीच्या २०१५ च्या विषारी दारूने मुंबईला दाखवलंय, शंभराहून जास्त माणसं गेली. पोटात गेलं तर आधी डोळे जातात. म्हणून डबा कुलपात, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतायचा नाही, घरात लहान मूल असो वा नसो. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, हेही ध्यानात ठेव. गाडीभोवतीची हवा थरथरताना दिसली आणि प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला तर पेटलंय असं समज. मेथनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने विझतं. मैदानात पाण्याचा कॅन प्यायला नेतोस तसा विझवायलाही ने, आणि वाळल्या गवतात इंधन भरू नकोस.

मेथनॉल हवेतली ओल पितं. आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकण अर्धवट लावलेला डबा आठवड्यात बिघडतो, मग कार्बोरेटरची सुई कितीही फिरव, इंजिन ऐकत नाही. डबा उन्हातही ठेवू नकोस. खर्चाचा हिशोब आधीच करून ठेव: १२५ सीसीची टाकी आठ-दहा मिनिटं चालते, म्हणजे लिटरभर इंधन जेमतेम तास-सव्वा तास.

कुणी शहाणा म्हणेल, महाग पडतं तर पेट्रोलमध्ये टूटी ऑइल घाल, जुन्या चेतक स्कूटरला नाही का चालायचं. चेतकला ठिणगी पाडणारा प्लग होता. इथे ठिणगीच नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं असतं, सुरू करताना ते दीड व्होल्टच्या आसपासच्या सेलवर लाल करायचं, नंतर मेथनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या क्रियेने आणि दाबाच्या उष्णतेने ते आपलं आपण तापलेलं राहतं. पेट्रोलने ते होत नाही. प्लग मधल्या उष्णतेचा घे, ओएसचा आठ नंबर असतो तसा, आणि खिशात दोन जादा ठेव. काही इंजिनांना टर्बो प्लग लागतो, त्याची बैठक निमुळती असते. साधा आणि टर्बो एकमेकांच्या जागी बसवायचे नाहीत.

लोक इंजिनाचं आयुष्य तेलात, प्लगमध्ये, ब्रँडमध्ये शोधतात. ते असतं एअर फिल्टरमध्ये. नायट्रो इंजिनं दोन कारणांनी मरतात, धूळ आणि कोरडं मिक्श्चर, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधन, आणि त्यात धूळ पहिली. साडेतीन सीसीचं इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे मारतं. आपल्या काळ्या रानातला फुफाटा पिठासारखा बारीक, कोकणातली तांबडी धूळ त्याहून चिवट. ती एकदा आत गेली की तेलात मिसळून पिस्टन-लायनर पॉलिश पेपरने घासावा तसा घासते.

फिल्टर दोन थरांचा असतो, बाहेर जाड भोकांचा फोम, आत बारीक. दोन्ही केरोसीनमध्ये धुवायचे, नंतर साबणाच्या पाण्यात, मग पूर्ण वाळवायचे. वाळले की आतला फोम प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून फिल्टर ऑइल ओतायचं आणि पिशवीवरून मळत राहायचं, रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत. मग घट्ट पिळायचं. कुठे पांढरट डाग राहिला तर तिथून धूळ आत जाणार. फोम प्लॅस्टिकच्या कपात बसवताना कडेला ग्रीसची बारीक रेघ फिरव. फिल्टरची रबरी मान कार्बोरेटरवर झिप टायने आवळ, नुसती खोचून ठेवू नकोस, उडीत निघते. असे तीन फिल्टर तयार करून डब्यात ठेव आणि दिवसाला निदान एक बदल, मैदान फार धुळीचं असेल तर दोन. फिल्टर काढायच्या आधी बाहेरची धूळ ब्रशने झटक, नाहीतर काढतानाच खडा कार्बोरेटरच्या तोंडात पडतो.

नवं इंजिन रनिंगला लावायचं, ही दुसरी मोठी गोष्ट. बहुतेक इंजिनांत लायनर पितळी, त्यावर क्रोमचा थर, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा; रिंग नसते. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो, म्हणून थंड इंजिन हाताने फिरवलंस तर पिस्टन वर पोचताना अडतो. तो दोष नाही, तीच त्याची घट्टाई. तापल्यावर लायनर फुगतो आणि फट बरोबर जमते. याचा अर्थ असा की थंड इंजिनाला स्टार्टर लावणं म्हणजे कनेक्टिंग रॉडवर घाव. आधी हेअर ड्रायरने हेड तापव. बोट टेकवून धरता येत नाही इतकं तापलं की मगच सुरू कर.

जुने लोक सांगायचे, पहिल्या पाच-सहा टाक्या नुसत्या आयडलवर, भरपूर इंधन देऊन, थंड थंड चालवायच्या. मला हे पटत नाही. त्यात इंजिन तापतच नाही, घट्ट लायनरवर पिस्टन खरवडत राहतो आणि जी घट्टाई टिकवायची तीच झिजते. मिक्श्चर जास्त ठेवावं, धूर भरपूर दिसावा, पण हेडचं तापमान शंभर अंशांच्या आसपास राहावं. थंडीत राहत नसेल तर हेडला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळ. पहिल्या दोन टाक्या सावकाश, पिकअप न खेचता. मग दर टाकीला सुई किंचित बंद करत सात-आठ टाक्यांनी नेहमीच्या जागी यायचं. प्रत्येक टाकीनंतर इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ दे, आणि गार होताना पिस्टन खाली हवा. वर राहिला तर लायनर आकसताना त्याला आवळतो. पिस्टन सगळ्यात खाली असताना फ्लायव्हीलवर समोर येईल असा नेलपॉलिशचा एक ठिपका दे. तुझी काकू विचारेल बाटली कुठे गेली, ती माझ्याकडे आहे म्हणून सांग.

सुया दोन, हाय आणि लो. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की इंधन कमी. एका वेळी घड्याळात एका तासाचं अंतर असतं तेवढंच फिरव, मैदानाला दोन फेऱ्या मार, मग पुन्हा बघ. आधी हाय सुई: पूर्ण रेस केल्यावर निळसर धुराची रेघ दिसायलाच हवी. धूर दिसेना आणि आवाज चिरका झाला तर इंजिन सीझ होण्याच्या वाटेवर आहे, ताबडतोब थांबव. मग लो सुई: गाडी तापलेली असताना आयडलवर ठेव आणि टाकीतून येणारी नळी चिमटीत दाब. दोन-तीन सेकंदांत आवाज थोडा चढून इंजिन बंद पडलं तर बरोबर. लगेच बंद पडलं तर इंधन कमी, बराच वेळ चालू राहिलं तर जास्त. तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक प्लगवर धर; शंभर ते एकशे पंचवीस अंश सेल्सियस ठीक. बंदूक नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाक. तीन-चार सेकंदांत उडाला तर चांगलं, पडताक्षणी चर्र करून गेला तर फार तापलंय. पण फक्त आकड्यावर सुई लावू नकोस. धूर, आवाज, प्लग आणि आकडा, चारही बघ. प्लगची तार चकचकीत आणि ओली हवी. राखाडी, वाकडी झालेली तार कोरडं मिक्श्चर सांगते.

डिसेंबरच्या सकाळी हवा गार आणि दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त. मे महिन्यात लावलेली सुई तेव्हा कोरडी पडते. म्हणून थंडीत पहिली टाकी भरायच्या आधी सुई थोडी उघड. कोल्हापूरहून मुंबईला गाडी नेलीस तरी तेच, समुद्रसपाटीला हवा जड.

एक गोष्ट मी इंजिनाच्याही आधी तपासतो, ती म्हणजे फेलसेफ. साडेतीन किलोची वस्तू ताशी साठच्या पुढे जाते. रिमोटचा सिग्नल तुटला किंवा रिसीव्हरची बॅटरी बसली आणि थ्रॉटल उघडाच राहिला तर ती कुणाच्या नडगीवर आदळेल सांगता येत नाही. सिग्नल तुटल्याबरोबर सर्वोने ब्रेक लावला पाहिजे, अशी सेटिंग रिसीव्हरमध्ये कर. मग गाडी स्टँडवर ठेवून, इंजिन बंद असताना, थ्रॉटल उघडा धर आणि रिमोट बंद कर. कार्बोरेटर मिटला, ब्रेक लागला, तर ठीक. प्रत्येक वेळी मैदानात जायच्या आधी हे करायचं. कार्बोरेटरला परत खेचणारी स्प्रिंग वेगळी लाव, सर्वोची तार निसटली तर तीच वाचवते. आणि क्रम विसरू नकोस: रिमोट आधी चालू, सगळ्यात शेवटी बंद. सोसायटीच्या आवारात, रस्त्यावर, पोरं खेळतात तिथे गाडी काढायची नाही. गायरान बघ, गावाबाहेरचं मोकळं मैदान बघ.

आता तुझ्या आवडीचा विषय, अपग्रेड. तुम्हा पोरांना गाडी आणल्यावर पहिल्यांदा निळे-जांभळे ॲल्युमिनियमचे पार्ट लावायचे असतात. नको. प्लॅस्टिकचा आर्म दणक्यात लवतो, फार तर मोडतो, आणि तो स्वस्त असतो. ॲल्युमिनियमचा आर्म वाकतो, वाकलेला डोळ्याला दिसत नाही, आणि दणका पुढे शॉकच्या टॉवरला, चासीच्या पट्टीला देतो. कुठे मोडायचं हे आपण ठरवायचं, आणि ते स्वस्त जागीच मोडलं पाहिजे.

पैसे पहिल्यांदा स्टिअरिंगच्या सर्वोत घाल. तयार गाडीतला सर्वो बहुधा अशक्त असतो. पंधरा किलोच्या वर जोर असलेला, धातूच्या गिअरचा घे. गाडी वळत नाही म्हणून लोक टायर बदलतात, शॉक बदलतात, आणि दोष सर्वोचा असतो. नवा सर्वो करंट जास्त ओढतो, त्यामुळे रिसीव्हरची बॅटरी त्याच्याबरोबर बदलायची, सुट्या सेलचा डबा काढून चांगला निकेलचा किंवा लिथियम-आयर्नचा (लाइफ) पॅक. नंतर टायर. दगडी मुरमावर मऊ रबर दोन रविवारांत संपतं, तिथे कडक घे. मग डिफरन्शियलचं सिलिकॉन तेल. पुढे ५०००, मध्ये ७०००, मागे ३०००, इथून सुरुवात कर. मधलं फार पातळ असेल तर वेग घेताना पुढची चाकं हलकी होऊन नुसती गरगरतात आणि ताकद वाया जाते. कारखान्यातून आलेल्या डिफमध्ये तेल कमी किंवा नुसतं ग्रीस असतं, उघडून बघच.

बेअरिंगसाठी परदेशातून मागवत बसू नकोस. १/८ मध्ये सगळ्यात जास्त लागणारं माप ८ बाय १६ बाय ५, तेच ६८८ नंबर. उद्यमनगरातल्या, पुण्यातल्या कुठल्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानात मिळेल. क्लच बेलची छोटी बेअरिंग मात्र उत्तम दर्जाचीच घे, ती तिथल्या उष्णतेत सगळ्यात आधी जातात आणि जाताना क्लचही नेतात. क्लच बेल आणि स्पर गिअर यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी घालून इंजिन बसव, पट्टी काढली की फट बरोबर उरते.

इंजिन दमलं असं वाटलं की नवं घ्यायची घाई होते. त्याआधी टाकीच्या झाकणाची ओ-रिंग, इंधनाची नळी आणि कार्बोरेटरचं बूड तपास. सायलेन्सरमधला दाब नळीने टाकीत येतो आणि तोच इंधन पुढे ढकलतो. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी दाब गळतो आणि इंजिन एकदा बरं, एकदा वाईट चालतं. बरीच ‘खराब’ इंजिनं नळी बदलल्यावर बरी झालेली मी पाहिली आहेत. ट्यून्ड पाइप इंजिनाला जुळणारा हवा. त्याच्या लांबीवर परतणाऱ्या दाबाच्या लाटेची वेळ ठरते. मोठ्या ताकदीचं इंजिन जुन्या शाफ्टवर बसवलंस तर गाडी फक्त जास्त मोडेल. म्हणून इंजिन सगळ्यात शेवटी, तेही घट्टाई संपल्यावरच. दिवस संपला की टाकी रिकामी होईपर्यंत चालव, प्लगच्या भोकात आणि कार्बोरेटरमध्ये आफ्टर-रन ऑइलचे चार थेंब घाल आणि हाताने दोन-चार फेरे दे. पावसाळ्यात हे चुकलं की मागचं बेअरिंग गंजलंच.

तू ती वापरलेली इन्फर्नो बघायला जाणार आहेस म्हणे. प्लगचा पाना, एक पांढरं फडकं आणि टॉर्च घेऊन जा. इंजिन थंड असलं पाहिजे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर चहा पिऊन ये. प्लग काढ, फ्लायव्हील हाताने फिरव. वर पोचताना पिस्टन अडला तर जीव आहे, सरळ फिरत गेला तर इंजिनाची किंमत शून्य धर. फ्लायव्हील धरून वर-खाली हलव, खेळ जाणवला तर क्रँकचं बेअरिंग गेलंय. फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात फडक्याचं टोक फिरव. मातकट निघालं तर पुढचं काही बघू नकोस. मग गाडी उलटी करून स्क्रूंची डोकी किती घासलीत आणि चासी पुढच्या बाजूला, जिथे वर उचललेली असते तिथे, वाकली आहे का ते बघ. शेवटी मागचं एक चाक धरून दुसरं फिरव, कुरकुर हाताला लागली तर डिफचे गिअर गेले. एवढं सगळं बघायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ तो देत नसेल, किंवा प्लग काढू देत नसेल, तर ती गाडी घेऊ नकोस.